बिनधुराची गोरसी

आमच्या घरात गॅस दोन प्रकारचा आहे. एक पोटातला. जेवण चुकलं, जागरण झालं, हरभऱ्याची डाळ जरा जास्त खाल्ली की तो होतो, आणि आमच्या लोकांच्या मते तिथून चढत चढत थेट डोक्यात जातो. आमच्याकडचा माणूस, मग तो भिलाईत दोन पिढ्या काढलेला का असेना, डोकं दुखलं की "डोकं दुखतं" म्हणत नाही. "गॅस चढला" म्हणतो. दुसरा गॅस प्लांटातला, म्हणजे पोलाद कारखान्यातला. बाबा जन्मभर कोक ओव्हनमध्ये होते, म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करतात तिथे. तो गॅस चढत नसे, लागत असे. अमक्याला गॅस लागला, असं बाबा जेवताना म्हणाले की आई पोळी लाटायची थांबायची आणि विचारायची, "हाय का गेला?"

या दोन गॅसांच्या मध्ये प्लांटचं गेट होतं. बाबा ड्युटी संपवून गेटाबाहेर येत आणि तो गॅस आत राहत असे. असं कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांची समजूत तीच होती.

मी स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये रिझनिंग शिकवते. दोन विधानं देऊन तिसरं त्यातून निघतं का ते ओळखा, हा माझा रोजचा धंदा. पोरं विचारतात, मॅडम, याने डोकं तेज होतं का? होतं की, मी सांगते, प्रश्नपत्रिकेपुरतं. आणि मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते : जे दिलंय तेवढंच धरा, मनचं घालू नका. माझ्या नवऱ्याला आणि सासूला हे वाक्य पाठ आहे, कारण भांडणात मी तेच वापरते.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली. मी सासरहून रोज क्लास सुटला की तिकडे जात होते. बाबांनी रिटायर झाल्यावर जुनवानीला घर बांधलंय. प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं, त्याचा राग त्यांनी या घरावर काढला असं मला वाटतं. क्वार्टरच्या भिंतीला वर रोशनदान, म्हणजे उघडा झरोका होता, त्यात चिमण्या राहायच्या. मागच्या दाराखालून मांजर ये-जा करायचं. पत्र्याच्या फटीतून धूळ यायची आणि आई दिवसातून तीनदा झाडू मारायची. नव्या घरात बाबांनी एक फट ठेवली नाही. सरकत्या काचेच्या खिडक्या, दारांना खाली रबर, रोशनदान नावालाही नाही. पाहुणा आला की ते बोट खिडकीवरून फिरवून दाखवत. "पाह्य, धूळ हाय का?"

पोरगी झाली. आई म्हणाली, शेक पाहिजे. बाळंतिणीला शेक हवा याबाबतीत आमची आई आणि इथल्या छत्तीसगडी बाया यांचं एकमत आहे, आणि ते फार कमी गोष्टींत होतं. गोरसी आली. मातीची पसरट शेगडी, तिच्यात गोवऱ्या नाहीतर कोळसा पेटवून खाटेजवळ ठेवायची, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. पहिल्या दिवशी आईने गोवऱ्या पेटवल्या आणि खोलीत इतका धूर झाला की बाळ खोकू लागलं. मी तणतणले. हे काय लावलंय, लेकराच्या छातीत धूर जातोय, हीटर आणा. हीटरने अंग कोरडं पडतं, आई म्हणाली. दोघी हट्टाला पेटलो, तेव्हा बाबा मध्ये पडले.

दुसऱ्या दिवशी जामुलकडच्या एका कोळशाच्या टालावरून ते पोतंभर कोक घेऊन आले. इतकी वर्षं जी वस्तू बनवली ती त्यांनी पहिल्यांदाच विकत घेतली होती. अंगणात वाऱ्यावर गोरसी ठेवून, लाकडाच्या ढलप्या घालून, सुपाने वारा घालत त्यांनी ती पेटवली. कोक लवकर पेटत नाही. पण पेटला की लालभडक, आणि धुराची एक रेघ नाही. बाबांनी गोरसी आत नेऊन ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता बोल. धूर हाय?"

"नाही."

"राहीन कसा? कोयल्यातला सारा गॅस आमी भट्टीत काढून घेतो, तवा कोक होते. हे उरलेलं एकदम साफ हाय."

मला ते पटलं. आईलाही पटलं. क्लासमधल्या पोराने मला असं लिहून दिलं असतं की, धूर वाईट, कोकला धूर नाही, म्हणून कोक वाईट नाही, तर मी त्याला शून्य देऊन वर चार शब्द ऐकवले असते. इथे मी मान डोलावली आणि चहा प्यायला बसले.

दोन-तीन दिवसांत बहिणीचं डोकं दुखायला लागलं. "डोक्यात गॅस चढून राहिला," ती म्हणायची. मळमळायचं, अन्न नको वाटायचं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तूप, खसखस असं सगळं खाऊ घालतात, त्यामुळे गॅस होणं कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं नाही म्हणून कोणी थांबलंही नाही. इलाज मात्र सगळ्यांनी सुरू केले. आमच्या घरात माणसं कमी आणि वैद्य जास्त.

बाबांचा इलाज ओव्याचं पाणी. त्यांचं म्हणणं, पडल्या पडल्या प्यायचं नाही, उठून पडवीत यायचं, चार पावलं टाकायची, मग ढेकर येतो. ती पडवीत यायची, चार पावलं टाकायची, आणि थोड्या वेळाने म्हणायची, हो, बरं वाटतंय. बाबा खूश. आईचा इलाज दृष्ट. बहीण दिसायला गोरीपान, त्यात पहिलीच खेप, नजर लागणारच. मीठ-मिरच्या घेऊन आई तिला उंबऱ्यावर उभी करायची, दार सताड उघडं, ओवाळून मिरच्या बाहेरच्या चुलीत टाकायची. ठसका आला नाही म्हणजे नजर कडक. पंधरा मिनिटांत पोरीच्या तोंडावर टवटवी. आई खूश. मालिशवाली बाई रोज सकाळी यायची, आणि तेल लावायला दोघींना मागच्या अंगणात उन्हात घ्यायची. "देख नोनी, मोर हाथ लगिस अउ पीरा भागिस," ती म्हणायची. तिचा हात लागला आणि दुखणं पळालं. तीही खूश.

आणि माझं मत होतं की हे सगळं मनाचं आहे. पहिलं बाळंतपण, झोप नाही, नवरा तिकडे नोकरीवर, एका खोलीत कोंडलेली पोरगी दुसरं काय करणार? मी संध्याकाळी तिला शाल पांघरून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचे, जरा हसवायचे. परत येताना तिचं डोकं उतरलेलं असायचं. म्हणजे माझंही बरोबर होतं.

चौघांचे चार इलाज, चारही लागू पडत होते, आणि चारही करायला तिला त्या खोलीतून बाहेर आणावं लागत होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात तसं. फरक इतकाच की इथे प्रत्येकाने आपापला कावळा पाळला होता आणि तो रोज वेळेवर बसत होता. आईचं स्वतःचं डोकंही त्या दिवसांत दुखायचं, कारण ती त्याच खोलीत झोपायची. ते जागरणाचं, असं तिनेच ठरवून टाकलं होतं.

एकदा मी विचारलंही होतं, आई, खिडकी थोडी उघडी ठेवली तर? आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू बाळाला विहिरीत टाकायला सांगतेय. "तुह्या वेळी बी असंच केलं. गोरसी होती, दार बंद होतं. तू मेली का?" मी मेले नव्हते, त्यामुळे खिडकी बंदच राहिली. त्या दारं बंद केलेल्या क्वार्टरला रोशनदान होतं आणि दाराखालून मांजर जात होतं, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. ते आठवलं फार नंतर.

मग बदली आली, नोकरीतली नव्हे, आभाळातली. हिवाळ्यात इकडे दोन-चार दिवस आभाळ भरून येतं, बारीक पाऊस भुरभुरतो आणि थंडी हाडात शिरते. मालिशवाली आली नाही. ऊन नाही, म्हणून अंगण नाही. पडवी ओली, म्हणून ओव्याचं पाणी खाटेवरच. दृष्टही आईने आतच काढली, दार लोटून. क्लासला पोरं आली नाहीत म्हणून मी दुपारीच माहेरी पोचले, तर घर इतकं शांत की मला बरं वाटलं. आई स्वयंपाकघरात होती. कपाळाला ओढणी घट्ट बांधली होती.

"लेकरू कसं निजलं पाह्य आज," ती कुजबुजली. "सकाळपासून रडलं नाई. दुधाले बी उठलं नाई."

"आणि ही?"

"ते बी निजली हाय. शेक लागला आता, गालावर लाली आली. तुहे बाबा बसले हायत जवळ."

मी भिजलेली चप्पल दाराशी काढली आणि खोलीकडे वळले. दार आतून उघडलं. बाबा बाहेर येत होते, बहुतेक गोरसीत घालायला आणखी कोक आणायला, कारण हातात लोखंडी घमेलं होतं. उंबऱ्यावर त्यांचे गुडघे वाकले. घमेलं मोठ्याने आपटलं आणि ते चौकट धरून हळूहळू खाली बसले.

"काय झालं?"

"काई नाई. पाय गेले जरा." ते हसले. "बसून बसून मुंग्या आल्या."

पाय गेले. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांच्या एका सोबत्याची गोष्ट होती ती, जेवताना शंभरदा सांगितलेली, इतकी की आम्ही बहिणी ओठांनी त्यांच्यासोबत म्हणायचो. त्याला गॅस लागला तेव्हा तो बसल्या जागी बोलत होता, मी ठीक आहे म्हणत होता, फक्त उठता येत नव्हतं. "गॅस पहिले पाय नेते," बाबा सांगायचे. "डोकं म्हणते मी ठीक हाय, आन पाय उठत नाई." मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग दारातून आत पाहिलं. गोरसी लाल होती, धुराची रेघ नव्हती, आणि घमेलं एवढं आपटूनही खाटेवरच्या दोघींपैकी कोणी दचकलं नव्हतं.

"बाबा, हा गॅस आहे."

"कोणता?" ते म्हणाले.

"तुमचा! प्लांटातला!"

त्यांनी नाकाने दोनदा हवा ओढली. अगदी शांतपणे, तपासून पाहिल्यासारखी. "वास कुठं हाय? आमच्या गॅसले डांबराचा वास येते. उमर गेली माही, मले नाकाले समजते. आन कोकात गॅस राहतेच कुठं? सारा काढून..."

मी ऐकलं नाही. त्यांना ओलांडून आत गेले. बहिणीला हलवलं, गालावर मारलं. तिने डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे पाहिलं पण ओळखल्यासारखं नाही. "गॅस," ती म्हणाली, जीभ जड, "डोक्यात..." आणि डोळे मिटले. बाळाला उचललं तर मान एका बाजूला पडली. मी खिडकीकडे धावले. सरकत्या खिडकीची कडी बाबांनी थंडीचं म्हणून कापड कोंबून घट्ट केली होती. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने मी ती ओढत होते.

आई धावत आली आणि माझा हात धरला. "पागल झाली का? वारा लागन तिले! बाळंतवात होईन, जन्माची जाईन पोरगी!"

"आई, सोड!"

"नाई सोडत!"

आम्ही दोघी त्या खिडकीशी झोंबत होतो आणि खाटेवर ती पडलेली होती. मी आईवर हात उगारला. ती घाबरून बाजूला होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. ती माझ्याइतकीच घाबरली होती, फक्त वाऱ्याला. मला अजून ते आठवलं की राग येतो आणि रडू येतं, दोन्ही एकदम. आईला पोरगी वाचवायची होती. तिने तेच धरून ठेवलं होतं.

मी दाराकडे वळून ओरडले, "बाबा, उठून दाखवा! ठीक आहात ना? मग उठा!"

ते चौकटीला धरून उठायला गेले आणि बसले. पुन्हा गेले. पुन्हा बसले. मग त्यांचा चेहरा बदलला, आणि एक आवाज आला जो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. भट्टीवर, यंत्रांच्या गोंगाटात माणसांना हाका मारायचा आवाज असावा तो.

"काढ बाहेर! दोघीले काढ! बोलत बसू नको, खांद्याले धरून ओढ! तू बी निघ वं, बाहेर निघ आधी!"

शेवटचं आईला होतं. आईने माझा हात सोडला. लग्नापासून ते तिच्याशी असं कधी बोलले नसावेत.

बाळाला मी आईच्या हातात कोंबलं आणि तिला बाहेर ढकललं. बहिणीला काखेत हात घालून ओढलं. ती जड होती, टाच उंबऱ्याला लागली, बाबांच्या अंगावरून ओढून नेलं तिला. बाबा हातांवर सरकत मागून आले. पडवीत पावसाचे तुषार येत होते. आई बाळाला पदरात घेऊन बहिणीवर ओणवी झाली, तिला पाऊस लागू नये म्हणून, आणि मोठ्याने रडत होती, "ओली बाळंतीण पाण्यात टाकली वं, पाण्यात टाकली." शेजारच्यांनी गाडी काढली.

दवाखान्यात दोघींच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले. बाळाचा मास्क इतका छोटा होता की तो आणायलाच जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी आयुष्यात घाबरले नाही तेवढी घाबरले. बाबांनाही लावला, ते नको म्हणत असताना. मी डॉक्टरला सांगितलं, बंद खोली, कोक, गोरसी. तो तरुण होता, बहुतेक बाहेरचा. त्याने रक्त घेतलं, कोंडलेल्या खोलीत कोक जळला की बिनधुराचा, बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड होतो असं सांगितलं, आणि आईकडे वळून विचारलं, या काही दिवसांत काय तक्रार होती त्यांची?

"गॅस," आई म्हणाली.

तो लिहिता लिहिता थांबला. "मतलब आपको पता था?"

"हौ ना, साहब. रोज बोलती थी. गॅस चढ गया, गॅस चढ गया."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आमच्या पोरीने कळसा रोज हातात काढून दाखवला होता, नाव घेऊन. जे दिलंय तेवढंच धरा, असं मी ज्या फळ्यावर लिहिते तो फळा मला फोडावासा वाटला.

अंधार पडायच्या आत बाळ रडलं. आधी मांजराएवढा आवाज, मग खणखणीत. आई त्या भिंतीशी खाली बसली आणि कपाळाची ओढणी सोडून तिने तोंड त्यात खुपसलं.

दोघी बऱ्या झाल्या. आई आजही सांगते की दृष्ट काढत होते म्हणून पोरगी तेवढी टिकली, आणि खरं सांगायचं तर उंबऱ्यावर काढलेल्या दृष्टींपुरतं तिचं बरोबर आहे, त्यामुळे मला भांडता येत नाही. मालिशवाली म्हणते, मी त्या दिवशी आले असते तर हे झालंच नसतं. तेही बरोबर. मी मात्र क्लासमध्ये आता पोरांना शून्य द्यायच्या आधी थोडी थांबते.

बदली गेल्यावर ऊन पडलं. बारसं व्हायचं होतं. बहीण मागच्या अंगणात खाटेवर बसली होती, मांडीवर बाळ, आणि बाबा भिंतीच्या कडेला कोकचं पोतं रिकामं करत होते. घरातल्या सगळ्या खिडक्या त्यांनी सकाळपासून उघडून ठेवल्या होत्या, आणि धूळ आत येत होती. मी आंघोळीचं पाणी घेऊन आले तेव्हा ती त्यांना म्हणत होती, रागावून नाही, सहजच :

"बाबा, मी तं रोजच सांगून राहिली होती. गॅस चढला म्हणून. तुमाले कावून नाई समजलं?"

बाबा पोतं झटकत राहिले. रिकामं झालं तरी झटकत राहिले.

"मले वाटलं घरचा हाय," ते म्हणाले. "तो दुसरा इथं कसा येईन? मी तं रिटायर झालो ना, बाई."